हम्मादभाईंची बाटली

"बीअर! माझ्या बाप्पाच्या पंचामृताला खेटून बीअर!"

"बीअर नाहीये ती, सुजाता. शंभर वेळा सांगितलंय."

"मग काय आहे? रंग बीअरचा, वास बीअरचा, फेससुद्धा बीअरचा. उद्या म्हणाल, शिंगं आहेत, शेपूट आहे, दूधही देते, पण म्हैस नाहीये ती!"

"बरं, म्हैस तर म्हैस. बांधलीस कुठे तेवढं सांग."

"नाही सांगत. आधी ती अक्षतांची वाटी द्या इकडे. अहो, खाली ठेवा, खाली! मला शिवू नका, सोवळ्यात आहे मी."

"अगं, फ्रिजमध्ये माझ्या सहा बाटल्या होत्या..."

"यजमान," पाटाजवळ टेकवून ठेवलेल्या टॅबलेटमधून खाकरण्याचा आवाज आला. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर पूजा सांगणारे गुरुजी स्क्रीनच्या अगदी जवळ आले होते, इतके की फक्त कपाळ आणि गंध दिसत होतं. "प्राणप्रतिष्ठा करायची आहे. तुमचं चालू असेल तर मी जरा म्यूटवर जातो."

"नाही नाही गुरुजी, तुम्ही सांगा," विष्णू पोंक्षे मुकाट्याने पाटावर बसले.

शारजातल्या अल मजाजमधल्या त्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर दर वर्षी दीड दिवसाचा गणपती यायचा. दर वर्षी सुजाता पहाटे केस धुऊन, रेशमी साडी नेसून, सोवळ्यात स्वयंपाक करायची. एरवी ती शाळेत गणित शिकवायची आणि घरी येताना गाडीतच सँडविच खायची. पण हा दीड दिवस तिच्या सासूबाईंचा असायचा. त्या गेल्या, पण त्यांचं ते मोठं पितळी पातेलं गेलं नाही. सांगलीहून विमानाने आलेलं हे कल्हईचं पातेलं वर्षभर माळ्यावर मऊ धोतरात गुंडाळलेलं असायचं, आणि फक्त आजच्या दिवशी, नैवेद्याच्या खिरीसाठी, खाली उतरायचं. कांदा नाही, लसूण नाही, कणकेचा हातसुद्धा त्याला लागायचा नाही.

पूजा चालली होती, पण विष्णूंचं चित्त बाटल्यांपाशी होतं. गुरुजी म्हणाले "पुष्पं समर्पयामि," त्यांनी पंचपात्री उचलली. समोर बसलेली काव्या, त्यांची मुलगी, तोंडावर हात ठेवून हसली. ती चौविशीची, दुबईत एका जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला. जन्मच इथला. तिच्या मते बाबा जगातले एकमेव असे होते, ज्यांना बीअर बनवता येते पण पिता येत नाही.

ते तिचं म्हणणं तसं खरंच होतं. विष्णू सांगलीचे. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि पहिली नोकरी लागली ती औरंगाबादेजवळ वाळूजच्या एका बीअरच्या कारखान्यात. वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, "आमचा विष्णू बाटल्यांच्या फॅक्टरीत आहे." खोटं नव्हतं, अपुरं होतं. तिथे विष्णूंना दारू नाही आवडली, दारू होण्याची वाट आवडली. भिजलेल्या धान्याचा वास, हॉप्सच्या वाळलेल्या हिरव्या फुलांचा तो पपनसाच्या सालीसारखा कडूपणा, टाकीच्या काचेतून दिसणारी हळूहळू वर येणारी बुडबुड. लग्न ठरलं तसं शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका बेकरीच्या कारखान्यात काम मिळालं. तिथेही यीस्ट. तोच जीव, फक्त बीअरऐवजी पाव. आणि शारजात दारूला पूर्ण बंदी. विष्णूंना त्याचं काही वाटलं नाही. या गावाने नोकरी दिली, घर दिलं, मुलीला शाळा दिली. त्याच्या एवढ्या एका अटीबद्दल कुरकुर करायची म्हणजे ज्याच्या पानात जेवायचं त्याच्या मिठाला नावं ठेवण्यासारखं.

मग आत्ताच, इतक्या वर्षांनी, या सहा बाटल्या कशाला? ते विष्णूंनी बायकोला सांगितलं नव्हतं. तिथेच सगळं बिनसलं.

आरती झाली, मोदकांचा नैवेद्य झाला, गुरुजी "शुभं भवतु" म्हणून स्क्रीनवरून नाहीसे झाले. मग सुजाता शांत आवाजात म्हणाली, "धुण्याच्या खोलीत आहेत. वॉशिंग मशीनच्या मागे. परवाच ठेवल्यात."

विष्णूंच्या हातातला मोदक हातातच राहिला.

"परवा? अगं, तिथे एसी नाही! गीझर आहे तिथे. सप्टेंबरातली शारजा आहे ही, त्या खोलीत पापड भाजले जातील!"

"मग काय झालं? बाटल्याच आहेत ना? लोणचं नाही ठेवत आपण तिथे?"

विष्णू उठले, धोतर सावरत धुण्याच्या खोलीत गेले आणि एक बाटली घेऊन सिंकपाशी आले. लोखंडी तारेच्या झाकणाची, जाड तपकिरी काचेची बाटली. त्यांनी अंगठ्याने तार वर ढकलली.

फट्!

झाकण उडालं, आणि पांढरा फेस त्यांच्या मनगटावरून, धोतरावरून, थेट सुजाताच्या मोदकाच्या साच्यावर. घरभर वास पसरला: भाजलेल्या पावाचा, मिरीचा आणि त्याच्या पाठोपाठ एक गोडसर, आंबूस, ओळखीचा वास. वाळूजचा वास. विष्णूंनी डोळे मिटले.

"बाबा," काव्या म्हणाली, "दॅट, टेक्निकली, इज बीअर."

"आत्ता झाली," विष्णू म्हणाले. "परवापर्यंत नव्हती."

दारावरची बेल वाजली. काव्याने खिडकी उघडली, गरम वारा आत आला म्हणून परत लावली. सुजाताने देव्हाऱ्यातल्या पाच उदबत्त्या एकदम पेटवल्या आणि एक सिंकपाशी, एक फ्रिजवर, एक चक्क भाताच्या कुकरच्या शिट्टीत खोचली. बेल परत वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या शहनाझ होत्या, हैदराबादच्या, हातात पेढ्यांचा डबा.

"गणपती मुबारक, सुजाता! ये लो. अरे, अल्ला, क्या खुशबू आ रई! ब्रेड बना रहे क्या?"

"हां... हां, ब्रेड," सुजाता म्हणाली. "ये, अंदर आ ना. नहीं, म्हणजे, मत आ. म्हणजे, बाद में आ."

"आपके मियां बेकरी वाले हैं, मैं भूल गई," शहनाझ हसत गेल्या.

दार लागलं. सुजाता दाराला पाठ टेकवून उभी राहिली. "तुमच्या या छंदापायी आज मला खोटं बोलावं लागलं. सणाच्या दिवशी. कोणासाठी केलंत हे सगळं? विसर्जनानंतर कोण टोळकं बोलावलंय?"

"हम्मादभाईंसाठी केलंय," विष्णू म्हणाले.

सुजाताने पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

हम्मादभाई म्हणजे विष्णूंच्या कारखान्यातले डिस्पॅच सुपरवायझर. गुजरांवालाचे. विष्णू रुजू झाले त्याच वर्षी तेही रुजू झाले, आणि तेव्हापासून दोघांची टेबलं समोरासमोर. भारत-पाकिस्तान सामना असला की ज्याची टीम हरेल त्याने आठवडाभर कडक चहा आणायचा. विष्णूंचा हिशोब असा होता की आजवर दोघांनी एकमेकांना सारखाच चहा पाजलाय. हम्मादभाईंचा हिशोब अर्थातच वेगळा होता. तरुणपणी हम्मादभाई खूप प्यायचे. शुक्रवारच्या सुट्टीला शारजाबाहेर जायचे आणि शनिवारी डोळे लाल करून यायचे. मग गावाकडे आई गेली, ते मयताला पोचले नाहीत, आणि परत आले ते मक्केला उमरा करूनच. त्यानंतर एक थेंब नाही. खलास.

पण एकदा संध्याकाळी, खालिद लगूनच्या कठड्यावर बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा खात होते, तेव्हा ते म्हणाले होते, "यार विष्णू, सब छूट गया. नशा छूटा, दोस्त छूटे, वो जगह छूटी. बस, वो कड़वापन नहीं छूटता ज़बान से. ये दुकान वाला माल्ट का पानी पीता हूं, लगता है खांसी की दवाई पी रहा हूं."

"मी बनवतो," विष्णू मराठीतच बोलून गेले होते. मग हिंदीत म्हणाले, "मैं बनाऊंगा. कड़वी. बिना नशे की. एकदम ज़ीरो."

"तू? तू तो डबल रोटी बना, भाई."

त्याला बरीच वर्षं झाली. राहून गेलं. आता मात्र हम्मादभाई निवृत्त होऊन कायमचे गुजरांवालाला चालले होते. उद्या दुपारी ते गणपतीच्या जेवणाला येणार होते आणि परवा पहाटेचं विमान होतं. म्हणून विष्णूंनी महिनाभर खटपट केली. कारखान्यात रशियन गिऱ्हाइकांसाठी काळा पाव बनतो, त्यासाठी राय नावाचं धान्य येतं. गव्हाच्या नात्यातलं, पण किरटं, काळपट, तिखट स्वभावाचं. ते विष्णूंनी मटकीसारखं ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, पार्किंगमधल्या गाडीच्या पुढच्या काचेआड वाळवले, सुजाता शाळेत असताना कढईत भाजले. हॉप्सची फुलं रास अल खोरच्या घाऊक बाजारातल्या एका इराणी जडीबुटीवाल्याकडून आणली. तो ती झोप न येणाऱ्यांना काढ्यासाठी विकायचा. धान्य थंडगार पाण्यात भिजवायचं म्हणजे चव उतरते, साखर फारशी उतरत नाही. मग ते पाणी गाळून फुलांबरोबर खळाखळा उकळायचं, दोन आमसुलं टाकायची, गार करून सोड्याच्या मशीनने बुडबुडे भरायचे. यीस्ट घालायचंच नाही. यीस्ट नाही तर दारू नाही. थंडीत ठेवलं की झालं.

पण पोंक्ष्यांच्या घरात यीस्ट घालावं लागत नाही, हे विष्णू विसरले. ते रोज घरी येत ते अंगावर, केसांत, कपड्यांवर कारखान्याचं यीस्ट घेऊनच. सुजाताचं इडलीचं पीठ मैत्रिणींपेक्षा दुप्पट फुगतं, ते काही तिच्या हाताच्या गुणाने नव्हे. बाटल्यांत ते कधीच जाऊन बसलं होतं, फ्रिजमध्ये गुपचूप झोपलं होतं. धुण्याच्या खोलीतल्या उकाड्याने त्याला जाग आली.

"मला आधी का नाही सांगितलंत?" सुजाताने विचारलं.

"तू म्हणाली असतीस, सोडलेल्या माणसाला कशाला परत ती चव दाखवता."

"म्हणाले असते," ती म्हणाली. प्रामाणिक होती.

विष्णूंनी कपाटातून काचेची एक लांबट नळी काढली. वाळूजची आठवण, पाण्यात सोडली की तरंगते ती. बाटल्या भरल्या त्या दिवशी ती पेयात जेवढी वर राहिली होती, तेवढी आज राहिली नाही. अगदी थोडी, पण खाली उतरली. थोडी साखर गेली होती. तिच्या जागी काय आलं होतं ते वासाने सांगितलंच होतं.

"किती?" सुजाताने विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे फार पिकलेल्या केळ्यात असतं तेवढं. फार तर त्याहून जरा जास्त."

"मग द्या की!" सुजाता एकदम म्हणाली, आणि काव्याने मान वळवून आईकडे पाहिलं. "अहो, केळं खातात ना ते? गार करा परत आणि द्या. माझ्यामुळे झालंय, मला कळतंय. पण उद्या माणूस येणार, परवा जाणार. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नाही देणार."

"म्हणजे?"

"सुजाता, हम्मादभाई विचारणार नाहीत. मी ग्लास पुढे केला की ते पितील. 'यात काही नाही ना?' एवढंही विचारणार नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर सोपं होतं. मी खरं सांगितलं असतं, त्यांनी ठरवलं असतं."

"मग सांगा ना खरं!"

"आणि काय म्हणू? पंचवीस वर्षांत तुमच्यासाठी एक गोष्ट करायची होती, ती केली आणि बिघडवली. हे घ्या पेढे?"

विष्णूंनी एकेक बाटली उघडली आणि सिंकमध्ये ओतली. सहाच्या सहा. नळ मोठा सोडून ठेवला. फेस जाळीपाशी घुटमळून घुटमळून गेला. शारजात ती घरात एक मिनिटही ठेवायची नव्हती, पण विष्णूंना त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वेगळंच वाटत होतं.

"परत करा," काव्या म्हणाली. "यू हॅव टिल टुमॉरो लंच. धान्य आहे का?"

"धान्य आहे, फुलं आहेत. आत्ता भिजवलं तर सकाळी उकळता येईल. पण भांडं कुठलं घेऊ? या घरातल्या प्रत्येक पातेल्यात पीठ आंबलंय, कणीक भिजलीय, पाव फुगलाय. परत तेच होणार. मला अशी वस्तू हवी जिला या घराचा हात लागलेला नाही. नवं आणायचं तर आज..."

"ऑनलाइन मागवू? यल्ला, चला, दोन तासांत येईल."

सुजाता आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आलीच नाही. विष्णूंना वाटलं, चिडली. मग ती आली, हातात ते मोठं पितळी पातेलं. खीर काढून घेतलेली, घासून, उकळतं पाणी फिरवून, नव्या पंच्याने पुसलेलं. पातेलं तिने ओट्यावर ठेवलं आणि ओट्याकडेच बघत म्हणाली,

"हे घ्या."

"अगं, हे आईचं. नैवेद्याचं."

"माहितेय. मीच घासते ना दर वर्षी."

"यात मी हॉप्स उकळू? सोवळ्याच्या पातेल्यात?"

"तुम्हीच म्हणालात ना, कशाचा हात लागलेला नको." तिने पदर कमरेला खोचला. "काव्या, आपण सगळे आजारी होतो तेव्हा, आठवतंय का तुला? कोव्हिडमध्ये?"

"बाबा हॉस्पिटलमध्ये होते. आपण दोघी घरात बंद. आय रिमेंबर द लिफ्ट."

लिफ्ट विष्णूंनी पाहिली नव्हती. ते तेव्हा ऑक्सिजनवर होते. पण इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना ती स्वतः बघितल्यासारखी दिसायची. रमजान चालू, हम्मादभाईंचा रोजा. ते खाली यायचे, डबा लिफ्टच्या फरशीवर ठेवायचे, चौदा नंबरचं बटण दाबून बाहेर व्हायचे आणि फोन करायचे, "भाभी, डब्बा ऊपर आ रहा है." दार उघडायचं तर आत माणूस नाही, आरशासमोर एकटा स्टीलचा डबा. पहिल्या दिवशी सुजाता डबा घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली होती. मटार-भात होता. पण कुठल्या भांड्यात शिजला असेल? विचारायचं कसं? विचारलं तर काय वाटेल त्यांना? तेवढ्यात फोन वाजला होता.

"पतीला नया है, भाभी," हम्मादभाई म्हणाले होते. "कल ही लाया. इसमें गोश्त नहीं पका, न पकेगा. ये आप लोगों का पतीला है."

"त्यांनी आपल्यासाठी वेगळं पातेलं घेतलं होतं," सुजाता आता म्हणाली. "न विचारता." आणि मग नेहमीच्या आवाजात, "बघताय काय? धान्य आणा. आणि फ्रिजमधला वरचा कप्पा रिकामा करते, तिथे ठेवा."

"पंचामृताशेजारी?"

"पंचामृत सरकेल थोडं. तुम्ही आधी हात धुवा. आणि ते कारखान्यातून घालून आलेलं घड्याळ काढून ठेवा. आणि केसांना फडकं बांधा. यीस्ट म्हणे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अल मजाजच्या चौदाव्या मजल्यावर शॉवर कॅप घातलेला एक बेकरीवाला सासूबाईंच्या पातेल्यात डाव फिरवत होता, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको पोह्यांना फोडणी देता देता सारखी वाकून बघत होती.

"फुलं आत्ताच टाकायची?"

"अर्धी आत्ता, कडूपणासाठी. अर्धी शेवटी, वासासाठी."

"म्हणजे कोथिंबिरीसारखं."

"अगदी कोथिंबिरीसारखं."

"आमसूल माझं घ्या. ते तुमचं दुकानातलं नको. मालवणचं आहे."

गाळून, बर्फात पातेलं बुडवून, उकळून घेतलेल्या एकाच बाटलीत भरण्याइतकं आणि एक ग्लास वर, एवढंच झालं. विष्णूंनी नळी सोडून पाहिली. जिथे राहायला हवी तिथे राहिली. त्यांचा जीव अक्षरशः भांड्यात पडला.

हम्मादभाई दुपारी आले. इस्त्रीचा पांढरा सलवार-कमीज, मेंदी लावलेली दाढी, हातात खजुराचा डबा. चपला दाराबाहेर काढल्या. गणपतीपासून दोन हात दूर, हात पुढे बांधून, क्षणभर आदराने उभे राहिले, दर वर्षीसारखे.

"इस बार मूर्ती छोटी है, भाभी."

"आप हर साल यही बोलते हो, भाईसाब. मूर्ती उतनीच है, आप बडे हो गये."

"पेट बड़ा हो गया, ये बोलिए." ते बसले. "काव्या बेटा, नौकरी कैसी है? बॉस को डांटती हो कि नहीं?"

"एव्हरी डे, अंकल."

"शाबाश."

विष्णूंनी ग्लास आणला. तांबूस, गढूळसर, वर दाट फेस. रायच्या धान्याला फेस फार छान येतो. हम्मादभाईंनी ग्लासकडे बघितलं. मग विष्णूंकडे. बाहेर बाल्कनीच्या काचेपलीकडे लगूनचं पाणी उन्हाने पांढरं झालं होतं.

"हम्मादभाई, ये देखिए, इसमें यीस्ट बिलकुल नहीं है," विष्णू घाईघाईने सांगू लागले. "ठंडे पानी में भिगोया, फिर उबाला, और मैंने नापा भी है, वो जो कांच की..."

"मैंने कुछ पूछा?" हम्मादभाई म्हणाले, आणि बिस्मिल्ला म्हणून प्यायले.

विष्णूंनी सुजाताकडे पाहिलं. सुजाता देव्हाऱ्याकडे बघत होती.

एक घोट. मग दुसरा. हम्मादभाईंनी डोळे मिटून घेतले. कडूपणा जिभेच्या मागच्या टोकाला पोचायला जरा वेळ लागतो, हे विष्णूंना माहीत होतं, म्हणून ते थांबले.

"कड़वी है," हम्मादभाई म्हणाले.

"ज़्यादा कड़वी हो गई?"

"चुप कर, यार. पीने दे."

ते सावकाश प्यायले. शेवटच्या घोटाआधी ग्लास हातात फिरवत राहिले, काचेच्या आतून फेस उतरताना पाहत. सुजाताला राहवलं नाही.

"भाईसाब, एक बात बोलूं? इन्होंने पहले बनाया था, वो मेरी गलती से खराब हो गया. मैंने गरम जगह पे रख दिया. तो इन्होंने सब फेंक दिया. ये कल से नया बनाया है." ती थांबली, मग भरभर म्हणाली, "हमारे गणपती के पतीले में बनाया. सासूबाई का. उसमें दुसरा कुछ नहीं बनता."

हम्मादभाईंनी ग्लास खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून ओट्यावर पालथं घातलेलं पातेलं दिसत होतं, त्याच्या बुडावर दुपारचं ऊन. त्यांनी तिकडे बोट केलं.

"वो पतीला अभी भी है मेरे पास," ते म्हणाले. "सामान में बांध लिया है. बेटा कहता है, अब्बू, गुजरांवाला में पतीले नहीं मिलते क्या? मैंने कहा, ये नहीं मिलता."

मग जेवणं झाली. वरण-भात, बटाट्याची भाजी, अळूवडी, आणि मोदकांवर तूप किती घ्यायचं यावरून हम्मादभाई आणि सुजाताचं नेहमीचं भांडण. सामन्यांचा चहा कोणाकडे किती बाकी आहे हे पुन्हा एकदा निघालं आणि पुन्हा एकदा सुटलं नाही. विष्णूंना वाटत होतं, आपण एवढ्या लांब पाव भाजायला आलो आणि किती काय मिळालं; हे समोरचं माणूस सांगलीत कुठून भेटणार होतं? ना सांगलीत, ना गुजरांवालात. भेटायचं तर याच गावात.

निघताना सुजाताने एक स्टीलचा डबा आणला. लिफ्टमधून यायचा तोच. किती वर्षं तो इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होता; दोन्ही घरांत रिकामा डबा परत करायची पद्धत नव्हती, त्यामुळे तो कधी एका जागी राहिलाच नव्हता. आज मोदकांनी भरला होता.

"हा तुमचा. म्हणजे, आपका है. अब आपके पासही रखना."

हम्मादभाईंनी डबा घेतला, छातीशी धरला. विष्णूंनी ती एक बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्या दुसऱ्या हातात दिली, फ्रिजमधली, गार, बाहेरून दव आलेली.

"आज ही पी लेना. कल तक मत रखना, हां? और गरम जगह पे बिलकुल नहीं."

"हुकुम, साब."

चपला पायात सरकवल्या. काव्याने पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं. हम्मादभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुजाताला सलाम केला. विष्णूंनी त्यांना मिठी मारायला हात पुढे केले, तर मध्ये डबा आणि बाटली. कशीबशी एका बाजूने मारली. लिफ्टचा दिवा वर वर येत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि विष्णूंना हलकं काहीतरी बोलायचं होतं.

"बाटली हमारी है, हम्मादभाई," ते म्हणाले. "महागाची आहे, तारवाली. खाली मत लौटाना. बोलो, वापस देने कब आओगे?"

लिफ्टचं दार उघडलं. हम्मादभाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांनी बाटली खांद्याशी घट्ट धरली, आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली, आणि पाठमोरे आत गेले.